प्रवाळ दगड नाही, जीव आहे! मालवणला फिरायला जाण्याआधी हे वाचा

शेलूबाजार : समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या भागातून मुंबई आणि तिथून पुढे कोकण गाठणं सोपं झालं आहे. सुट्ट्यांत मालवण, तारकर्लीला जाऊन समुद्रात बुडी मारल्याचे व्हिडिओ आता गावोगावच्या मोबाईलवर दिसतात. त्यात माशांच्या मागे जे रंगीत खडकासारखं दिसतं, ते प्रवाळ. आपल्याकडे हा शब्द अंगठीतलं पोवळं आणि प्रवाळ भस्म यापुरताच माहीत. पण समुद्रातलं हे प्रवाळ आज संकटात आहे आणि किनाऱ्यापासून दूरचा माणूसही ते वाचवायला हातभार लावू शकतो.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

प्रवाळ हा दगडही नाही आणि झाडही नाही. हजारो बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीत रायझोबियम राहून पिकाला नत्र पुरवतो, तसंच हे शेवाळ उन्हावर अन्न बनवून प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्या शेवाळाचाच.

जगातल्या समुद्रतळाच्या १ टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळ आहे. पण समुद्री माशांच्या सुमारे पाव जाती कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला येतात. म्हणजे प्रवाळ गेलं की कोळी बांधवांची मासळीही घटते.

महाराष्ट्रात कुठे आहे?

भारतात कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हे प्रवाळाचे मोठे भाग. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आढळतं. हा भाग १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून आत, खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, तिथेही प्रवाळ आहे. मुंबईत हाजीअली, वरळीच्या खडकांवरही प्रवाळ सापडलं आहे.

धोका कशाचा?

१) तापलेला समुद्र : पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर उपाशी मरतं. १९९८, २०१६ आणि २०२३-२४ मध्ये जगभर असंच झालं. ही तिन्ही वर्षं एल निनोची. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आपले शेतकरी विसरलेले नाहीत. एल निनो पूर्वीही यायचा, पण कोळसा, डिझेलच्या धुरानं समुद्र आधीच तापलेला असल्यानं आता त्याचा फटका जबर बसतो.

२) गाळ, सांडपाणी, खतं : गाळ बसला की प्रवाळापर्यंत ऊन पोहोचत नाही. खतं वाहून आली की बाहेरचं शेवाळ माजून त्याला झाकतं. ऑस्ट्रेलियात उसाच्या शेतातून वाहून जाणारं नत्र ही मोठी डोकेदुखी झाली आहे.

३) पाय आणि नांगर : गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी वाढतं. वीतभर तुकडा मोडला तर भरून यायला २० वर्षं लागतात. बोटीचा नांगर किंवा पर्यटकाचा पाय तो एका क्षणात मोडतो.

४) विक्री : घरात भरभराट येते म्हणून 'इंद्रजाल' नावाची वाळलेली फांदी विकली जाते. ती वनस्पती नसून बहुधा समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. हे दोन्ही, तसंच खडक बांधणारं प्रवाळ, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. त्याच्या व्यापारासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आपण काय करावं?

- समुद्रात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. फोटोसाठी तर मुळीच नाही.
- माशांना पाव, बिस्किटं टाकू नका. नावाडी देत असेल तरी नको म्हणा.
- प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या बोटीत बसू नका, तसं आधीच विचारून घ्या.
- किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नका.
- इंद्रजाल जत्रेत किंवा मोबाईलवरून मागवू नका. विक्री दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
- माती परीक्षण करूनच खत द्या, बांधबंदिस्ती करा, प्लास्टिक नाल्यात टाकू नका.

अडाण नदीचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. त्यामुळे इथल्या युरियानं मालवणचं प्रवाळ मरतं असं नाही. पण इथून वाहून गेलेली माती आणि प्लास्टिक कोणत्या तरी समुद्रातच जातं. आणि शेताच्या बाबतीत तर नुकसान आधी आपलंच : वाहून गेलेलं खत पैसे देऊन आणलेलं असतं.