हिमशिखरांचे वाटाडे : एक ऋणस्मरण

दुरून डोंगर साजरे, ही म्हण सह्याद्रीच्या सावलीत लहानाचे मोठे झालेले आम्ही लोक बरोबर घेऊनच इकडे आलो. कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे, कोणी बँकेतील बदलीने, कोणी चहाच्या व्यापारानिमित्त, तर कोणी सैन्यातील सेवेमुळे उत्तर बंगालच्या या मुलखात स्थिरावला. येथे आश्विन-कार्तिकात आकाश निवळले, की सकाळच्या उन्हात उत्तरेस कांचनजंगा दिसू लागते. ८,५८६ मीटर उंचीचे, जगातील तिसऱ्या क्रमांकाचे ते शिखर पाहण्यासाठी चहाचे पेले हातात घेऊन माणसे गच्चीवर उभी राहतात. या साजऱ्या डोंगराच्या थोडे जवळ जावे, अशी इच्छा त्यातूनच उपजली आणि मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतच आमची पहिली पदयात्रा संदकफूला गेली.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी दप्तरे चाळताना त्या यात्रेचा हस्तलिखित वृत्तांत हाती लागला. अकरा सभासदांची संपूर्ण नावे, प्रत्येकाची वर्गणी, कोणाच्या पायाला फोड आले आणि कोणाचे पिठले करपले, हे सारे त्यात रसाळपणे नमूद आहे. एक सभासद धुक्यात वाट चुकला आणि रात्री उशिरा सुखरूप परतला, हाही प्रसंग आहे. त्याला शोधून कोणी आणले, याविषयी मात्र एकच वाक्य आहे : ‘बरोबर दोन शेर्पा होते.’ हे वाक्य वाचून आम्हांस संकोच वाटला. त्या संकोचातूनच या लेखाचा जन्म झाला आहे. पैसे देऊन वाटाड्या घ्यावयाचा आणि त्याच्या आधाराने उंच पर्वतावर जावयाचे, या प्रथेला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. तिचा इतिहास पाहिला, की आमचा वृत्तांत हा काही अपवाद नव्हे, हे ध्यानात येते.

आल्प्समधील आरंभ

या प्रथेचे मूळ युरोपातील आल्प्स पर्वतात आहे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७६० साली माँ ब्लाँ शिखराची वाट शोधणारास बक्षीस जाहीर केले. ते शिखर सर होण्यास २६ वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनी गावातील डॉक्टर पाकार आणि डोंगरातील स्फटिक शोधून विकणारा झाक बाल्मा असे दोघे तेथे पोहोचले. पुढल्याच वर्षी स्वतः सोस्यूर चढून गेले, ते अठरा वाटाड्यांसह. एक धनी आणि अठरा वाटाडे, हे प्रमाण वाचकांनी लक्षात ठेवावे.

या धंद्यातील धोका कोणाच्या वाट्याला येतो, याचा निर्णय १८२० साली लागला. डॉ. हामेल नावाच्या शास्त्रज्ञाच्या तुकडीवर माँ ब्लाँच्या उतारावर हिमप्रपात कोसळला आणि तीन वाटाडे प्राणास मुकले. हामेल वाचले. शामोनीच्या गावकऱ्यांनी शोक केला, पण ते शोकावर थांबले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८२१ मध्ये, त्यांनी वाटाड्यांचा संघ उभा केला. काम पाळीपाळीने वाटून घ्यावयाचे, मिळकतीतील अंश साहाय्यनिधीत टाकावयाचा आणि अपघातग्रस्तांच्या कुटुंबांस त्यातून हात द्यावयाचा, ही त्याची रीत. तो संघ आजही चालू आहे. पर्वताने दिलेल्या धड्याचा इतका व्यवहारी अर्थ क्वचितच कोणी लावला असेल.

वाटाड्याच्या माथी आणखी एक भार असे, तो दोषाचा. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न प्रथमच सर झाला. सात जण वर गेले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून खाली कोसळले. मृतांत मिशेल क्रो हा नामवंत वाटाडा होता. वाचले ते इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर आणि टाउगवाल्डर पितापुत्र हे दोन वाटाडे. चौकशीत वडील टाउगवाल्डर निर्दोष ठरले, परंतु दोराविषयीचा संशय त्यांना आयुष्यभर चिकटून राहिला.

क्वचित उलटेही घडे. दक्षिण अमेरिकेतील सर्वोच्च शिखर अकोंकागुआ १८९७ साली प्रथम सर झाले, तेव्हा मोहिमेचे धनी फिट्झजेराल्ड उंचीच्या त्रासाने मागे राहिले आणि त्यांचा स्विस वाटाडा माटियास त्सुर्ब्रिगेन एकटाच माथ्यावर पोहोचला. हा त्सुर्ब्रिगेन १८९२ मध्ये काराकोरममध्येही येऊन गेला होता. युरोपातील धनी हिमालयात येताना प्रारंभी वाटाडेही तिकडूनच आणीत असत. ही रीत बदलली, ती आमच्या शेजारच्या दार्जिलिंगमध्ये.

दार्जिलिंगचे परप्रांतीय

शेर्पा म्हणजे पूर्वेकडील लोक. त्यांचे मूळ गाव नेपाळातील सोलुखुंबू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते दार्जिलिंगला येऊ लागले, ते शिखरांच्या ओढीने नव्हे. रस्ते बांधण्याचे, ओझी वाहण्याचे, मिळेल ते काम करून चार पैसे गाठीला बांधावे, यासाठी ते डोंगर ओलांडून आले. पोटासाठी घर सोडून परमुलखात आलेल्या माणसांनी एकमेकांस धरून राहावे, ही गोष्ट आमच्यासारख्या मंडळाच्या सभासदांना समजावून सांगावयास नको.

त्यांच्या अंगचे कसब प्रथम ओळखणाऱ्यांत स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. अलेक्झांडर केलास हे होते. त्यांनी युरोपातील वाटाडे आणण्याचे सोडून दिले आणि येथील माणसांवर विसंबून सिक्कीमच्या परिसरात शिखरांमागून शिखरे सर केली. १९११ साली ते दोन शेर्पांसह ७,१२८ मीटर उंचीच्या पौहुनरीवर पोहोचले. त्या वेळेपर्यंत मनुष्य चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते, हे पुढे कित्येक वर्षांनी मोजमापे सुधारल्यावर उघड झाले. म्हणजे एकोणीस वर्षे या तिघांच्या नावे एक जागतिक विक्रम होता, परंतु त्याचा त्यांना पत्ता नव्हता. त्या दोन शेर्पांपैकी एकाची नोंद ‘सोनी’ अशी आहे. दुसऱ्याची नोंद आहे ‘टुनीचा भाऊ’. त्याचे स्वतःचे नाव कोठेच उरलेले नाही.

यानंतर एव्हरेस्टच्या मोहिमा सुरू झाल्या. ७ जून १९२२ रोजी तिबेटच्या बाजूने चढताना हिमप्रपातात सात भारवाहक गेले. एव्हरेस्टवरील मोहिमांची पहिली मोठी किंमत त्यांनी मोजली. १९२८ मध्ये हिमालयन क्लब स्थापन झाला आणि दार्जिलिंगमध्ये शेर्पांच्या कामाची व्यवस्थित नोंद ठेवण्यास आरंभ झाला. प्रत्येकाजवळ एक पुस्तिका असे. तीत मोहिमेच्या प्रमुखाने शेरा लिहावयाचा. १९३८-३९ च्या सुमारास अत्युच्च उंचीवर उत्तम काम करणारांस ‘टायगर’ ही पदवी आणि बिल्ला देण्याची प्रथा पडली. नावनिशीची, तोवर दुर्लक्षित राहिलेली बाब अशी कागदावर आली.

बिल्ल्याने मापता येणार नाही, अशीही निष्ठा त्या काळात दिसली. १९३४ साली नंगा पर्बतवरील जर्मन मोहीम वादळात सापडली. तीन जर्मन आणि सहा शेर्पा त्या वादळात गेले. गायले नावाच्या शेर्पामध्ये खाली उतरण्याचे त्राण होते, असे त्याच्या सोबत्यांचे म्हणणे. तरी तो आजारी प्रमुख मेर्कल यांच्यापाशी राहिला. चार वर्षांनी दोघांचे देह जवळजवळ सापडले. १९३९ मध्ये के-२ शिखरावर अमेरिकन गिर्यारोहक डडली वुल्फ वरच्या तळावर अडकून पडले. त्यांना आणण्यासाठी पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे तीन शेर्पा पुन्हा वर गेले. ते परतले नाहीत. करारातील कोणत्याही कलमाने त्यांना वर जाण्यास भाग पाडले नव्हते.

विद्यालय आणि व्यवसाय

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि दोराला दोन टोके असतात, हे जगाने प्रथमच एका छायाचित्रात पाहिले. त्या छायाचित्रात तेनसिंगच आहेत. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या प्रेरणेने दार्जिलिंगला हिमालयन पर्वतारोहण संस्था सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल हे तिचे पहिले प्राचार्य, तर तेनसिंग हे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख. त्यापूर्वी तेनसिंग आणि त्यांचे काही सहकारी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण घेऊन आले होते. ओझे वाहणारा माणूस आता गुरुजी झाला. त्याच्यासमोर सैन्यातील अधिकारी आणि महाविद्यालयीन तरुण विद्यार्थी म्हणून बसू लागले.

नेपाळात याच सुमारास दुसरी वाट फुटली. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ साली काठमांडूला ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली. तंबू, स्वयंपाकी, भारवाहक आणि वाटाडा हे सर्व आम्ही पुरवू. प्रवाशाने केवळ चालावे, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये तीन अमेरिकन महिला त्यांच्या पहिल्या प्रवासी ठरल्या. मोहिमेचा सरंजाम सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आला आणि ‘ट्रेकिंग’ हा शब्द जगभर रूढ झाला. खोऱ्याखोऱ्यांतून चहाची दुकाने आणि मुक्कामाची घरे उभी राहिली. त्यांतून अनेक कुटुंबांना शाळा आणि औषधे परवडू लागली. हे श्रेय नाकारून चालणार नाही.

शिखरेही या व्यवहारातून सुटली नाहीत. ३० एप्रिल १९८५ रोजी ५५ वर्षांचे अमेरिकन उद्योजक डिक बास हे डेव्हिड ब्रीशियर्स आणि आंग फुर्बा शेर्पा यांच्या सोबतीने एव्हरेस्टवर पोहोचले. सातही खंडांची सर्वोच्च शिखरे गाठण्याचा त्यांचा संकल्प त्या दिवशी पुरा झाला. हौशी माणूसही तेथे जाऊ शकतो, असे सर्वांना वाटू लागले आणि पुढील दशकात शुल्क घेऊन एव्हरेस्टवर नेणाऱ्या संस्था निघाल्या. १० व ११ मे १९९६ च्या वादळात त्या पर्वतावर आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत न्यूझीलंडचे वाटाडे रॉब हॉल होते. आपल्या थकलेल्या प्रवाशाला सोडून ते खाली उतरले नाहीत. नंगा पर्बतवरील गायलेची गोष्ट बासष्ट वर्षांनी पुन्हा घडली. फरक एवढाच, की या वेळी वाटाड्याचे नाव सर्व जगाने लक्षात ठेवले.

एव्हरेस्टच्या दक्षिण वाटेवर खुंबूचा हिमधबधबा आहे. दरवर्षी हंगामाच्या आरंभी शेर्पांचे पथक त्याच्या भेगांवर शिड्या टाकते आणि दोर बांधते. प्रवासी ती जागा मोजक्याच वेळा ओलांडतो. त्याचे तंबू, अन्न आणि प्राणवायूच्या नळ्या वाहणारास मात्र तेथून वारंवार जावे लागते. १८ एप्रिल २०१४ रोजी तेथे हिमप्रपात होऊन १६ नेपाळी कामगार गेले. त्यांच्या कुटुंबांस शासनाने प्रथम ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पांनी त्या हंगामात चढण्याचे नाकारले. नंतर विम्याची रक्कम वाढविण्यात आली. शामोनीच्या गावकऱ्यांनी १८२१ मध्ये जे ओळखले होते, ते हिमालयात प्रस्थापित करण्यासाठी शेर्पांना अजून झगडावे लागत होते.

१६ जानेवारी २०२१ रोजी या इतिहासाने एक वळण घेतले. दहा नेपाळी गिर्यारोहक के-२ वर ऐन हिवाळ्यात प्रथमच पोहोचले. माथा काही पावलांवर असताना पुढचे थांबले, मागचे येईपर्यंत वाट पाहिली आणि मग सारे एकत्र चालत गेले. त्या दिवशी त्यांच्यात धनी कोणीच नव्हता.

आमचे देणे

महाराष्ट्राचे तरुणही या शिखरांवर गेले आहेत. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’चे आठ जण तेथे गेले आणि १५ मे २०१९ रोजी त्याच संस्थेचे दहा जण आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या कांचनजंगावर पोहोचले. आमचा ऊर अभिमानाने भरून आला. या यशाच्या पाठीशी शेर्पांचे हात आहेत, हे सांगण्याने तो अभिमान उणा होत नाही.

आता आमच्या वृत्तांताविषयी. त्या अकरांपैकी हयात असलेल्या सभासदांकडे आम्ही चौकशी केली. धुक्यातून माणूस शोधून आणणाऱ्या शेर्पाचा चेहरा सर्वांना आठवतो, त्याच्या हातचा कंदीलही आठवतो. नाव विचारले, तर सर्वांनी एकच सांगितले : ‘दाजू.’ परंतु दाजू हे नाव नव्हे. नेपाळी भाषेत थोरल्या भावाला दाजू म्हणतात. पौहुनरीवरील तो शेर्पाही इतिहासात कोणाचा तरी भाऊ म्हणूनच राहिला आहे.

त्या यात्रेकरूंची यादी या स्मरणिकेत अन्यत्र छापली आहे. अकरा नावांच्या वर दोन ओळी आम्ही कोऱ्या ठेविल्या आहेत. तो मुद्रणदोष नाही. यापुढे मंडळाच्या प्रत्येक पदयात्रेच्या नोंदीत वाटाड्याचे व भारवाहकांचे पूर्ण नाव प्रथम लिहिले जावे, आणि त्यांचा विमा उतरविल्यावाचून यात्रा निघू नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही मांडीत आहोत. सभासदांनी तो एकमताने संमत करावा, ही विनंती.