खोला, बघा, जोडा

हल्लीच्या गाडीबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जाडजूड पुस्तक येतं. वाचलंय कधी? मी वाचतो. (घरच्यांना माझी खोड माहीत आहे, भेळेच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नाही.) फोन गाडीला कसा जोडायचा, यावर त्यात पानंच्या पानं आहेत. इंजिनाचा विषय निघाला की मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर: अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. गाडी आपली, हप्ते आपले, पण आत काय चाललंय ते विचारायचं नाही!

पूर्वी असं नव्हतं. ते कसकसं बदलत गेलं, हा इतिहास मला फार रंजक वाटतो. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली, दीड कोटीहून जास्त. घेणारे बरेचसे शेतकरी, आणि गावात गॅरेज असेलच याची खात्री नाही. त्यामुळे फोर्ड कंपनी मालकाला एक प्रश्नोत्तरांची पुस्तिका द्यायची. व्हॉल्व्ह कसे घासायचे, इंजिनात साचलेला कार्बन कसा काढायचा, असे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं. यात परोपकार होता असं नाही. बंद पडलेली गाडी अंगणात उभी राहिली तर शेजारी दुसरी घेणार नाही, एवढा हिशोब कंपनीला कळत होता.

पुढे गाड्या गुंतागुंतीच्या झाल्या आणि पुस्तकं दोन झाली. मालकासाठी पातळ, आणि डीलरच्या वर्कशॉपसाठी जाड. जाड पुस्तक शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं, कंपनीची खास हत्यारं हाताशी आहेत असं गृहीत धरलेलं. घरी चार पाने आणि एक जॅक बाळगणारा माणूस मधल्यामध्ये राहिला.

त्या मधल्या माणसासाठी लिहिणारा भेटला तो जॉन हेन्स. जन्म १९३८ चा, सिलोनमधला; वडील चहाच्या मळ्याचे व्यवस्थापक. इंग्लंडच्या शाळेत असताना या पोराने रग्बीतून सुटका करून घेतली आणि त्या वेळात जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून स्वतःची गाडी बांधली. ती कशी बांधली याची पुस्तिका १९५६ साली काढली. २५० प्रती छापल्या, दहा दिवसांत संपल्या. पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला. एडनला असताना एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. कंपनीचं मॅन्युअल पाहून दोघांच्याही लक्षात आलं की हे आपल्यासारख्यांसाठी नाहीच. मग हेन्सने गाडी खोलायला घेतली आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. त्यातून १९६६ साली स्प्राइटचं पहिलं मॅन्युअल निघालं. तीन हजारांची आवृत्ती तीन महिन्यांच्या आत खपली.

पद्धत पुढेही तीच राहिली. गाडी आणायची, पार खोलायची, फोटो काढत पुन्हा जोडायची, आणि मग लिहायचं. कामाच्या शेजारी एक ते पाच पान्यांची चित्रं, म्हणजे काम किती अवघड ते आधीच कळावं. खोलायची कृती सविस्तर आणि जोडायची वेळ आली की 'तेच उलट्या क्रमाने' अशी बोळवण, यावरून या पुस्तकांची भरपूर थट्टाही झाली. तरी जगभरात २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. मला आवडतं ते त्यांचं नाव: 'ओनर्स वर्कशॉप मॅन्युअल'. मालक हा शब्द नावातच!

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे मिस्त्री होता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट अकराशे बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. आमच्याकडे १९८४ ची होती. बाबांनी फोर्टच्या फुटपाथवरून फियाट अकराशेचं एक इंग्रजी मॅन्युअल आणलं होतं. रविवारी मिस्त्री गाडी खोलायचे आणि बाबा शेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. पण कार्बोरेटरचा एकेक भाग सुटा करून मांडलेलं चित्र दाखवलं की ते हात पुसून वाकायचे, एका वॉशरवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "साहेब, हाच नाहीये. आधीच्याने बसवलाच नाही." पुस्तकाला मिस्त्री लागतो आणि मिस्त्रीलाही पुस्तक लागतं, हे मी तिथे शिकलो. कुठल्या पानांवर ऑइलचे डाग जास्त, त्यावरून गाडीचा स्वभाव कळायचा. आमचं पान कार्बोरेटरचं.

मिस्त्रींचं ज्ञान अस्सल होतं, पण ते हातात होतं, कागदावर नाही. उस्तादाकडून पोराकडे जायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. तिच्याबरोबर कानाने टायमिंग लावणाऱ्या माणसांची विद्याही चालली आहे. स्प्राइट बनायची केव्हाच थांबली, पण ती खोलायची कशी ते आजही वाचता येतं. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी लिहून ठेवलं.

मग गाडीत संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना बिघाडाचा कोड वाचायचं ठरावीक सॉकेट सक्तीचं झालं. पण कोड वाचला तरी पुढची माहिती कंपनीकडेच! शेवटी २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी मोठ्या बहुमताने मत दिलं, की डीलरला जी माहिती मिळते ती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे.

आपणही मागे नव्हतो बरं का. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक मॅन्युअलं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. शंभर वर्षांपूर्वी फोर्ड जे आपणहून देत होता, ते मिळवायला आता कायद्याचा आधार लागतो. गंमत आहे!

हेन्स २०१९ च्या फेब्रुवारीत गेले. २०२० मध्ये त्यांच्या कंपनीने जाहीर केलं, की नव्या गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअलं यापुढे कागदावर निघणार नाहीत.

प्रत्येकाने रविवारी इंजिन खोलून बसावं असं माझं म्हणणं नाही. आजच्या गाड्यांत ते बऱ्याचदा शक्यही नाही. पण आपल्या वस्तूच्या आत काय आहे हे वाचायला मिळणं हा मालकीचाच भाग आहे. वाचलेला माणूस पाना हातात न घेताही गॅरेजवाल्याला नेमका प्रश्न विचारू शकतो. आणि ती माहिती फक्त कंपनीच्या कुलपात राहिली, तर कंपनीने मॉडेल बंद केलं की गाडी भंगारात. गाडीच कशाला, मिक्सर आणि वॉशिंग मशीनचंही तेच.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर लँब्रेटाचं, ॲम्बेसेडरचं, गेलाबाजार शिलाई मशीनचं जरी जुनं मॅन्युअल असेल, तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. डाग पडलेली पानं असतील तर उत्तमच.