सवलत आणि ताबा : मुंबईच्या शेअर बाजारातील दलाल-ग्राहक संबंधांचा ऐतिहासिक आढावा (१८७५ ते २०२४)

प्रस्तावना :

शेअर बाजाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा तेजी-मंदीच्या आणि घोटाळ्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८६५ ची पडझड, १९९२ चा रोखे घोटाळा आणि २००१ चे अरिष्ट हे या इतिहासाचे ठळक टप्पे मानले जातात. मात्र या बाजारात उतरणारा सामान्य ग्राहक आणि त्याचा दलाल यांच्यातील नित्याच्या व्यवहाराचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. दलाल आपल्या ग्राहकाला कोणत्या सवलती देत असे, त्या कशाच्या मोबदल्यात देत असे आणि ग्राहकाच्या शेअरांवर व पैशांवर प्रत्यक्ष ताबा कोणाचा असे, हे प्रश्न वरवर साधे असले तरी बाजारावरील लोकांचा विश्वास त्यांच्याच उत्तरांवर उभा असतो.

या प्रश्नांना आज केवळ अभ्यासापुरते महत्त्व राहिलेले नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत रुजू होणाऱ्यांसाठी अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि नोकरदार मध्यमवर्गाच्या उत्तरायुष्याचा बाजाराशी प्रथमच थेट संबंध आला. देशातील डिमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली. ज्या वर्गाने बँकेच्या मुदत ठेवीपलीकडे फारसे पाहिले नव्हते, तोही आता दलालाचा ग्राहक झाला आहे.

उद्दिष्टे व गृहीतक :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) दलालांनी ग्राहकांना दिलेल्या सवलतींचे बदलते स्वरूप तपासणे.
२) ग्राहकाच्या खात्यावरील ताबा काळानुसार कोणाकडे राहिला याचा मागोवा घेणे.
३) या दोहोंमधील संबंध स्पष्ट करणे.

‘ग्राहकाला मिळालेली प्रत्येक मोठी सवलत ही त्याच्या खात्यावरील ताब्याचा काही अंश दलालाकडे सोपवूनच मिळत आली’ हे या लेखाचे गृहीतक आहे. विवेचन मुख्यतः मुंबईपुरते मर्यादित असून त्यासाठी कायदे, सेबीची परिपत्रके व आदेश आणि प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

ओळखीचा बाजार :

मुंबईतील शेअर दलालांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाऊन हॉलच्या परिसरातील वडाच्या झाडाखाली सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, शहरात पैशाचा पूर लोटला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या नावावर लोक बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर घेऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबताच हा डोलारा कोसळला. पुढे १८७५ मध्ये दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. हीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची मूळ संस्था होय.

या काळातील ग्राहक पेढीवर येई तो ओळखीने. त्याची खरी सवलत म्हणजे उधारी. पैसे नंतर दिले तरी चालत, शेअरांची किंमत चुकती होईपर्यंत पेढी सांभाळून घेई. आजच्या अर्थाने ‘खाते’ म्हणजे दलालाच्या वहीतील एक पान होते. त्या पानावरील नोंद दलालाच्या हातची असे आणि ग्राहकाला तीवर विश्वास ठेवावा लागे. म्हणजेच सवलत आणि ताबा या दोन्ही गोष्टी पेढीच्या गादीवर एकत्र बसलेल्या होत्या.

कागद, सही आणि बदला :

शेअर कागदी असण्याच्या काळात मालकीचा पुरावा म्हणजे कंपनीचे भागप्रमाणपत्र. विक्री करताना ग्राहकाला हस्तांतरणपत्रावर सही करावी लागे आणि ती सही कंपनीकडील नमुना सहीशी जुळावी लागे. न जुळल्यास कागद परत येत. त्यास बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. ही पद्धत त्रासदायक होती. परंतु प्रमाणपत्र घरच्या कपाटात असेपर्यंत ग्राहकाच्या सहीखेरीज त्याचा शेअर रीतसर विकला जाणे कठीण होते, हेही नोंदवले पाहिजे.

या अडथळ्यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे कोरे हस्तांतरण. विक्रेता सही करी, मात्र खरेदीदाराचे नाव मोकळे सोडले जाई. असा कागद हातोहात फिरे आणि प्रत्येक वेळी नोंदणी करण्याचा खर्च व मुद्रांक शुल्क वाचे. ही सोय होती खरी, पण कोरा कागद ज्याच्या हाती, त्याच्याच हाती व्यवहारात मालकी येई.

दुसरी सोय ‘बदला’ या पद्धतीची होती. खरेदीदाराला पैसे भरायचे नसतील तर तो आपला सौदा पुढील पूर्ततेपर्यंत ढकलू शके. त्यासाठी जे शुल्क द्यावे लागे तो बदला. विक्रेत्यालाच शेअर देणे अडचणीचे झाले तर उलट त्याला शुल्क द्यावे लागे. त्यास ‘उंधा बदला’ म्हणत. थोड्या पैशांत मोठा सौदा करण्याची ही मुभा ग्राहकाला आकर्षक वाटे. परंतु या व्यवस्थेत ग्राहकाचे शेअर, सावकाराचे पैसे आणि दलालाचा स्वतःचा सट्टा यांच्या सीमारेषा पुसट होत गेल्या. सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये बदल्यावर बंदी घातली, पुढे सुधारित स्वरूपात त्याला परवानगी मिळाली आणि २ जुलै २००१ पासून ही पद्धत कायमची बंद झाली.

सुधारणांचे दशक :

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. त्यानंतरच्या सुधारणांची चर्चा प्रायः बँका व रोख्यांच्या संदर्भात केली जाते. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने मात्र १८ नोव्हेंबर १९९३ चे परिपत्रक अधिक मूलगामी होते. ग्राहकांचा पैसा दलालाने स्वतःच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवावा, असे बंधन त्याने घातले. वहीतील एका पानाचे दोन खात्यांत झालेले हे विभाजन म्हणजे ‘हा पैसा दलालाचा नव्हे’ या तत्त्वाची औपचारिक मान्यता होती.

याच सुमारास दलाली शेअरच्या भावापासून वेगळी दाखवणे आवश्यक झाले. तोपर्यंत भाव आणि दलाली मिळून एकच आकडा ग्राहकापुढे येत असल्याने आपण सेवेसाठी नेमके किती मोजले हे त्याला कळत नसे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकीय पडद्यावर शेअरांचे व्यवहार सुरू झाले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ ही प्रणाली आणली. रिंगणातील आरडाओरड्यात झालेला सौदा ग्राहकाला दिसत नसे. आता त्यावर वेळेची नोंद पडू लागली. सौदा सकाळच्या भावाने करून ग्राहकाला दिवसातील उच्च भाव लावण्याची वाट अरुंद झाली.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या एनएसडीएलने कागदाचे युग संपवण्यास प्रारंभ केला. १९९९ मध्ये सीडीएसएल आली. शेअर आता ग्राहकाच्या नावाने डिमॅट खात्यात जमा होऊ लागले. ताबा ग्राहकाकडे परत आला, असे मानण्यास येथे सबळ आधार होता.

मुखत्यारपत्र : एका सहीची किंमत :

प्रत्यक्षात मात्र उलट घडले. २००० मध्ये सेबीने इंटरनेटवरील व्यवहारांना परवानगी दिली. २००१ नंतर सौद्यांच्या पूर्ततेची मुदत पाच दिवसांवरून तीन आणि एप्रिल २००३ पासून दोन दिवसांवर आली. विकलेले शेअर इतक्या कमी वेळात पोहोचते करायचे, तर प्रत्येक वेळी ग्राहकाने चिठ्ठी भरून सही करणे अवघड होते. त्यावर उपाय म्हणून दलालांनी खाते उघडतानाच ग्राहकाकडून मुखत्यारपत्र घेण्यास सुरुवात केली. घरबसल्या विक्री, स्वस्त दलाली, एकाच ठिकाणी बँक-डिमॅट-व्यवहार खाते या सवलतींची ती जणू प्रवेश फी होती.

कागदी युगात दर विक्रीला एक सही लागत असे. मुखत्यारपत्रामुळे एकदा केलेली सही सर्व काळ पुरू लागली. खाते ग्राहकाच्या नावाचे, पण ते चालवणारा हात दलालाचा, अशी ही स्थिती होती. नाव आणि ताबा यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते, हे २००३ ते २००५ मधील प्राथमिक समभाग विक्री घोटाळ्यातही दिसले. त्यात बनावट नावांच्या हजारो डिमॅट खात्यांद्वारे लहान गुंतवणूकदारांच्या राखीव वाट्याचे शेअर हडप केले गेले होते.

धोक्याची जाणीव सेबीला नव्हती असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये ग्राहकाच्या चालू खात्याचा ठराविक काळाने हिशेब करून पैसे परत करण्याचा नियम आला. एप्रिल २०१० मध्ये मुखत्यारपत्र सक्तीचे नाही, असे स्पष्ट करण्यात आले. परंतु नियमाने ऐच्छिक असलेली गोष्ट व्यवहारात अर्जाच्या गठ्ठ्यातच येत राहिली. पेन्सिलने फुल्या मारलेल्या चाळीस-पन्नास जागी मुकाट्याने सह्या केल्याचा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल.

२०१९ चा धडा :

या फारकतीचे परिणाम २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंग या हैदराबादस्थित दलाल कंपनीविरुद्ध काढलेल्या अंतरिम आदेशातून पुढे आले. मुखत्यारपत्राचा गैरवापर करून ग्राहकांचे शेअर कंपनीने स्वतःच्या खात्यात वळवले आणि ते तारण ठेवून कर्जे उचलली, असे त्यातून दिसून आले. सुमारे ९५ हजार ग्राहकांचे जवळपास २,३०० कोटी रुपयांचे शेअर यात गुंतले होते. २ डिसेंबर २०१९ रोजी सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत करण्यात आले. कर्ज देणाऱ्या बँकांनी तारणावर हक्क सांगितल्याने वाद न्यायासनापुढे गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने या कंपनीचे सदस्यत्व रद्द केले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. या ग्राहकांनी सट्टा केला नव्हता की कोणाला उसने दिले नव्हते. बहुतेकांचा एकच ‘अपराध’ होता, तो म्हणजे सोयीसाठी केलेली सही.

किल्ली परत, पण मोफतची किंमत :

यानंतरच्या उपायांमध्ये सुसंगत दिशा दिसते. २०२० मध्ये विक्रीच्या वेळी ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक देऊन मंजुरी देण्याची सोय रुळली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून तारणाचे शेअर दलालाकडे न जाता ग्राहकाच्याच खात्यात राहून गहाण नोंदवले जाऊ लागले. २०२२ मध्ये मुखत्यारपत्राऐवजी मोजक्याच कामांपुरता अधिकार देणारा ‘डीडीपीआय’ हा दस्तऐवज आला आणि खात्यात प्रवेश करताना दुहेरी पडताळणी आवश्यक झाली.

दुसऱ्या बाजूस सवलतींनी नवे रूप घेतले. २०१० नंतर उदयास आलेल्या सवलतीच्या दलालांनी प्रत्येक सौद्यास ठरावीक रक्कम आकारण्याची आणि पुढे शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेणाऱ्यांकडून दलालीच न घेण्याची प्रथा पाडली. सामान्य ग्राहकाला तिचा मोठा लाभ झाला, हे मान्यच करावे लागेल. परंतु या ‘मोफत’ सेवेचा खर्च अन्यत्र भरून निघत होता. बाजार संस्था अधिक उलाढाल करणाऱ्या दलालांना कमी दर लावत, तर दलाल ग्राहकांकडून मात्र वरचा दर वसूल करू शकत. जुलै २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांना समान दर लावण्याचे बंधन बाजार संस्थांवर घातले आणि हा फरक संपवला. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोक तोट्यात होते. दलाली माफ करणारी व्यवस्था ग्राहकाच्या वारंवार व्यवहार करण्यावर जगत असेल, तर ती माफी खरोखर कोणाच्या हिताची, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून आरंभीचे गृहीतक २०१९ पर्यंतच्या कालखंडास बऱ्याच अंशी लागू पडते असे दिसून येते. उधारी, कोरे हस्तांतरण, बदला आणि मुखत्यारपत्र या चारही सोयी ग्राहकाच्या ताब्याच्या बदल्यात मिळालेल्या होत्या. १९९६ च्या कायद्याने मालकी सुरक्षित केली, पण ताबा नव्हे. या दोन गोष्टी भिन्न आहेत हे कायद्याच्या भाषेत उतरण्यास आणखी पाव शतक जावे लागले. २०२० नंतरच्या सुधारणांनी मात्र ताबा न सोडताही सोय मिळू शकते हे दाखवून दिले असून तेवढ्यापुरते गृहीतक बाधित होते.

तरीही नियमांची मर्यादा उरतेच. किल्ली ग्राहकाच्या हाती आली, पण ती कोठे वापरावी हे शिकवणारी व्यवस्था आपल्याकडे अपुरी आहे. वाणिज्य शाखेच्या वर्गात ताळेबंद शिकवला जातो, परंतु खाते उघडण्याचा अर्ज वाचायला फारसे कोणी शिकवत नाही. विद्यार्थ्याच्या हाती पदवीबरोबर बहुधा डिमॅट खातेही असणार आहे. सही करण्यापूर्वी त्याने कोणता प्रश्न विचारावा, हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे, आणि तो प्रश्न दीडशे वर्षे तोच आहे : ही सवलत मला कशाच्या बदल्यात मिळत आहे?