आयसोमीर म्हणजे काय? खरा बदल आणि मशीनची चूक कशी ओळखतात?

मायक्रो-आरएनए म्हणजे पेशीतला साधारण २२ अक्षरांचा आरएनए. कोणत्या जनुकापासून किती प्रथिन बनू द्यायचं, यावर तो लगाम ठेवतो. याच्या शोधासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकाच मायक्रो-आरएनएच्या किंचित वेगळ्या प्रतीही पेशीत असतात. त्यांना 'आयसोमीर' म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासमधल्या नमुन्यांवर २०१७ मध्ये अभ्यास झाला. कोणते आयसोमीर आहेत, कोणते नाहीत, एवढ्यावरून कॅन्सरचे ३२ प्रकार वेगळे ओळखता येतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे खोटा आयसोमीर यादीत शिरला तर निदानाचा पायाच डळमळतो.

प्रकार तीन

पुढच्या टोकाचे: दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवरून, म्हणजे 'सीड'वरून, मायक्रो-आरएनए आपलं जनुक शोधतो. सुरुवात एका अक्षराने सरकली तरी सीड बदलतं आणि लगाम भलत्याच जनुकावर बसतो.

मागच्या टोकाचे: हे सर्वाधिक आढळतात. लांबी कमी-जास्त होते, कधी ए किंवा यू मागाहून जोडलं जातं.

मधले: आतलं एखादं अक्षर बदलतं. उदाहरणार्थ, एडार हे एन्झाइम ए चं इनोसिन करतं. मशीन ते जी असं वाचतं.

गाळणी कशी लावतात?

आधी प्रयोगशाळेत जोडलेले अ‍ॅडॅप्टर कापतात, मग वाचनाचा दर्जा तपासतात. दर्जा ३० म्हणजे हजार अक्षरांत एक चूक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २२ अक्षरांच्या १० लाख प्रती वाचल्या तर सुमारे २२ हजार प्रतींत चूक निघते. म्हणून मूळ प्रतीच्या मानाने नगण्य संख्येचे आणि दुसऱ्या नमुन्यात न दिसणारे बदल वगळतात.

भावंडांचा घोळ वेगळाच. लेट-७ए आणि लेट-७सी यांत फक्त १९वं अक्षर वेगळं: एकात ए, दुसऱ्यात जी. तिथे चुकीचं वाचन झालं की एकाची प्रत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. म्हणून प्रत्येक प्रत संपूर्ण जीनोमशी जुळवतात. बदल जन्मजात आहे का, हे त्याच व्यक्तीच्या डीएनएवरून कळतं.

गाळणी सैल ठेवली तर चुका आत येतात, फार कडक केली तर दुर्मीळ पण खरे आयसोमीर जातात. त्यामुळे असा अहवाल वाचताना 'किती प्रतींखालचे बदल वगळले?' हे आधी बघायचं.