एका शेतकऱ्याची साक्ष

पापनिवेदनापूर्वी आपले अंतःकरण तपासून पाहावे, हे आम्ही बालपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. परंतु तेच अंतःकरण ‘नको’ म्हणत असता राजाज्ञा, गाव, आप्त आणि धर्मगुरूदेखील ‘जा’ म्हणू लागले, तर श्रद्धावंताने काय करावे? ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याने हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला.

फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म १९०७ साली सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. तारुण्यात काहीसे उच्छृंखल असलेले फ्रान्झ १९३६ साली फ्रान्झिस्का यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि त्यांची श्रद्धा खोलवर रुजली. ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणावर १९३८ साली मतदान झाले, तेव्हा गावात त्यांचे एकट्याचे मत विरोधी पडले.

हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे व त्यात शस्त्र धरणे पाप आहे, अशी त्यांची खात्री झाली. हा निर्णय त्यांनी लहरीने घेतला नाही. ते बायबल वाचत, चर्चमध्ये सेवा करीत. त्यांनी धर्मगुरूंचा सल्ला घेतला, लिंझच्या बिशपांचीही भेट घेतली. तीन चिमुकल्या मुलींचा विचार करा, असेच त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आदराने ऐकले. पण मन मानेना. प्रारंभी विनवण्या करणाऱ्या फ्रान्झिस्काही अखेर पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मार्च १९४३ मध्ये फ्रान्झ यांनी युद्धसेवेस नकार दिला आणि ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला. गावाचा रोष मात्र पुढे कित्येक वर्षे त्यांच्या विधवेने सोसला.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी सिद्ध केलेल्या निवेदनात फ्रान्झ यांचे उदाहरण मांडले. ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मानवाचे अंतर्यामीचे पवित्र स्थान मानले. तेथे तो एकटाच परमेश्वरापुढे उभा असतो. विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे, असेही त्यात सुचविले. २००७ साली लिंझ येथेच फ्रान्झ यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याला वृद्ध फ्रान्झिस्का उपस्थित होत्या.

‘माझ्या मनाला पटते ते मी करीन’ असे म्हणणे सोपे आहे. पण मनमानी म्हणजे विवेक नव्हे. प्रार्थना, शास्त्रवचन आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांनी विवेकाची जडणघडण करावी लागते. मात्र अशा रीतीने घडलेल्या विवेकाने निःसंशय कौल दिला, की तो पाळणे हे कर्तव्यच ठरते. फ्रान्झ यांनी सर्वांना विचारले. पण उत्तराचा भार मात्र कोणावरही टाकला नाही. आपल्या मुलांना आज्ञा पाठ करावयास लावताना हा भार वाहण्याचे बळही आपण त्यांना देतो का, हे आपणच स्वतःला विचारावयास हवे.