गाडीतली शांतता: एक आवाज गेला की दुसरा हजर

आजचा विषय आहे गाडीच्या आतला आवाज कमी करण्याचा इतिहास. म्हणजे दारांत मॅट चिकटवण्याचा इतिहास का? तोही आहे, पण थोडा थांबा.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राम हळू चालत असेल तर आम्ही त्यातला सगळ्यात संथ भाग शोधून दुरुस्त करतो. तो झाला की लगेच पुढचा संथ भाग उघडा पडतो. गाडीतल्या आवाजाचं शंभरेक वर्षं अगदी हेच चाललंय.

सुरुवातीला सगळा गोंगाट इंजिनाचा. चार्ल्स नाइट या अमेरिकन माणसाला आपल्या गाडीच्या व्हॉल्व्हची खटखट सहन होईना. त्याने नेहमीचे व्हॉल्व्ह काढून सरकत्या नळ्यांचं इंजिन बनवलं. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने ते उचललं आणि ‘सायलेंट नाइट’ या नावाने ते गाजलं. रोल्स-रॉइसच्या १९०७ च्या गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणत, कारण ती भुतासारखी गुपचूप यायची.

पण तेव्हा बऱ्याच गाड्या उघड्या होत्या. ‘आत’ असं काही नव्हतंच, तर आतली शांतता कुठून येणार? अमेरिकेत १९२४ मध्ये ४३ टक्के गाड्या बंद बॉडीच्या होत्या, १९२७ पर्यंत ८५ टक्के झाल्या. वारा-पाऊस बाहेर राहिला, आणि आपण पत्र्याच्या डब्यात बसलो. पत्र्याचा मोठा तुकडा ढोलासारखा घुमतो. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेल्सना सलग पोलादी छप्पर दिलं, म्हणजे ढोल आणखी मोठा.

उपाय म्हणून पत्र्याला आतून डांबरी थर आले. आता गंमत बघा. हा थर मुख्यतः आवाज अडवत नाही. पत्रा थरथरला की थर ताणला जातो आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. जर्मनीच्या हेर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये याचं गणित मांडलं. आवाज खरोखर अडवायचा तर वजन लागतं. आडोशाचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ६ डेसिबल कमी. वजन म्हणजे पेट्रोल, पेट्रोल म्हणजे पैसा. त्यामुळे शांतता श्रीमंतांच्या गाडीत राहिली. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वींनी रोल्स-रॉइसची जाहिरात केली ती याच मुद्द्यावर: भर वेगात सगळ्यात मोठा आवाज गाडीतल्या घड्याळाचा!

१९८९ मध्ये टोयोटाने पहिली लेक्सस आणली. मुख्य इंजिनिअर इचिरो सुझुकी यांचा आग्रह होता की आवाज नंतर झाकत बसू नका, उगमाशीच थांबवा. इंजिनाचे भाग जास्त अचूक बनवले की थरथर मुळात कमी होते. हा विचार मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचा वाटतो.

आज इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही. मग काय ऐकू येतं? टायर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर जरा लक्ष देऊन ऐका, टायरची घूं डांबरी रस्त्यापेक्षा चढी लागते. टायरच्या पोकळीतली हवाही साधारण २०० हर्ट्झला घुमते, म्हणून काही टायरांत आतून फोम चिकटवतात. आवाजाला उलट्या लाटेने मारायची पॉल ल्यूग यांची १९३० च्या दशकातली कल्पनाही ह्युंदाईने जेनेसिस जीव्ही८० मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी वापरली.

पण मंडळी, मॅट, फोम, उलटी लाट, हे सगळं काचेच्या आत बसलेल्यांसाठी. हायवेला लागून ज्यांची खिडकी आहे त्यांना यातलं काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही. कार जरा वेगात गेली की बाहेरही मुख्य आवाज टायरचाच असतो.

नेदरलँड्सने बहुतेक मोटारवेंवर सच्छिद्र डांबर घातलं. टायरखाली दाबली जाणारी हवा छिद्रांत जिरते, आवाज घटतो, पावसाचं पाणीही खाली उतरतं. किंमत मोजावी लागते: असा रस्ता लवकर झिजतो, छिद्रं धुळीने बुजतात. पण फायदा गाडीतल्याला होतो आणि खिडकीतल्यालाही.

मॅट जरूर बसवा. फक्त त्या शांततेत बसून रस्त्याकडेच्या घरांचा आवाज मिटला असं समजू नका. त्यांच्यासाठी आपल्याला रस्ताच मागावा लागेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.