गिरडचे दगड आणि "हवामान तर नेहमीच बदलत आलंय"

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता, पारा ४७ ला टेकला आणि मी बातमीला मथळा दिला, 'इतिहासातील सर्वात उष्ण दिवस'. सकाळी साडेसातला फोन आला. आमचे शाळेतले भूगोलाचे सर, आता निवृत्त. सर शिकवताना शुद्ध बोलायचे, रागावले की वऱ्हाडीत येतात.

"कोन्या इतिहासात रे बाबू? तुले ठाऊक हाय का, तू ज्या जमिनीवर बसून बातमी लिहितं, थे जमीन हजार-बाराशे डिग्रीवर वाहत होती कधीकाळी."

मी म्हणालो, "होय जी सर, चुकलं." दुसऱ्या दिवशी 'नोंदींच्या इतिहासातील' अशी दुरुस्ती छापली. चार ओळींची, आतल्या पानावर. कोणी वाचली नसेल.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात हिंगणघाटला कापूस बाजाराजवळच्या टपरीवर झालेला वाद. एक ओळखीचे शेतकरी, शिकलेले, मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते. "पाहा भाऊ, पृथ्वी आधीही तापली होती, आधीही गोठली होती. तेव्हा कुठं गाड्या होत्या, कुठं कारखाने होते? हवामान तर नेहमीच बदलत आलंय. हे सगळं निसर्गाचं आहे." चार जणांनी माना डोलावल्या. एकाची दुबार पेरणी झालेली, तोही मान डोलावत होता.

मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. कारण ते जे म्हणत होते ते खोटं नव्हतं. सर तेच तर म्हणाले होते. पण एक गोष्ट खटकली. 'निसर्गाचं आहे' म्हटलं की प्रश्न विचारायला समोर कोणी उरतच नाही, आणि आमचा तर धंदाच प्रश्न विचारण्याचा. म्हणून म्हटलं, निसर्गाचं म्हणजे नेमकं काय, ते बघू तरी. त्यासाठी लांब जायची गरज नाही. आपला जिल्हा आणि शेजारचा चंद्रपूर, एवढं पुरतं.

समुद्रपूर तालुक्यातलं गिरड सगळ्यांना माहीत आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा, सर्व जातिधर्मांचे लोक जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, सुपारी-जायफळासारखे. दंतकथा अशी की एका व्यापाऱ्यानं बाबांची थट्टा केली आणि त्याचा सगळा माल दगड झाला. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनंही ही कथा नोंदवून ठेवली आहे. मी लहानपणी त्यातला एक दगड खिशात घालून आणला होता, आजीनं परत ठेवायला लावला.

कथेचा मान कथेच्या जागी. भूगर्भशास्त्र सांगतं की यातले पुष्कळसे दगड झिओलाइट जातीच्या खनिजांचे. ते कसे बनतात? लाव्हारस थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर येतात. काही बाहेर पडतात, काही आतच अडकतात. बुडबुड्याची पोकळी तशीच राहते आणि पुढं पाणी झिरपून तिच्यात खनिजं भरत जातात. म्हणजे हातात जो गोळा येतो तो एका बुडबुड्याचा ठसा. त्या बुडबुड्यातला वायू केव्हाच हवेत गेला.

आणि हवामानाची गोष्ट नेमकी तिथंच सुरू होते.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. शंकूसारखा डोंगर, वरून धूर, असं चित्रातलं काही नव्हतं. थरावर थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड पसरलाय. महाबळेश्वरकडं तो दीड-दोन किलोमीटर जाड, आपल्याकडं पातळ, कारण आपण त्याच्या पूर्व कडेला. नागपूरच्या पुढं तो संपतोच. हे सगळं एका दमात झालेलं नाही, लाखो वर्षं चाललं. विहीर खोदणाऱ्याला विचारा, काळा कठीण दगड, मग मुरूम, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा काळा दगड. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी. तेवढ्या काळात वरचा दगड कुजून माती झाली होती.

या लाव्ह्यासोबत दोन वायू प्रचंड प्रमाणात बाहेर पडले. गंधकाचा वायू आणि कार्बन डायऑक्साइड. गंधकाचा वायू वर जाऊन सूर्यप्रकाश अडवतो, त्यामुळं थंडी पडते, पण काही वर्षांत तो पावसासोबत खाली येतो. कार्बन डायऑक्साइड हवेत टिकतो, हजारो वर्षं, आणि उष्णता धरून ठेवतो. म्हणजे आधी गारठा, मग दीर्घकाळची काहिली, आणि हे पुन्हा पुन्हा. याच सुमारास मेक्सिकोजवळ मोठा अशनी आदळला आणि डायनासोर संपले. त्यात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. मी त्या भांडणात पडत नाही.

पण गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. ज्या दगडानं पृथ्वी तापवली, तोच दगड पुढं पृथ्वी थंड करायला लागला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल पाणी दगडाला खातं, आणि त्या क्रियेत कार्बन क्षाराच्या रूपानं पाण्यात उतरतो. ओढ्यातून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, शेवटी समुद्राच्या तळाशी चुनखडी होऊन बसतो. काळा दगड या कामात फार पटाईत, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी लवकर झिजतो. झिजून मागं काय राहतं? आपली काळी जमीन. ज्या मातीत कपाशी उभी आहे ती त्या हिशेबाची उरलेली पावती समजा. गेल्या पाच कोटी वर्षांत पृथ्वी हळूहळू थंड होत गेली, त्यात या झिजेचाही हात असावा असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. फक्त वेळ लक्षात घ्या. लाखो वर्षं.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळी साचायची, झाडं उगवायची, आणि पुढचा लाव्हा आला की गाडली जायची. आपल्या जिल्ह्यातल्या नवरगाव परिसरात अशा थरांतून दगड झालेली लाकडं मिळाली आहेत, त्यावर शोधनिबंध आहेत. छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला तर निपा नावाच्या, दलदलीत वाढणाऱ्या ताडाची फळं मिळाली. आज तिथं समुद्र शेकडो किलोमीटर लांब. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि विष्ठा, दोन्ही सापडतात. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर लेख आला. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं बहुतेक जण धरून चालत. आपल्या शेजारच्या गावातल्या शेणानं जगाचं पुस्तक बदललं, आणि आमच्या पेपरात त्या वर्षी याची ओळसुद्धा नव्हती. असो.

अजून मागं जाऊ. ३० कोटी वर्षं.

चंद्रपूरकडं पैनगंगेच्या पात्रालगत, इरई गावाजवळ, जुना चुनखडीचा खडक आहे. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना त्यावर घासल्याचे, ओरखड्यांचे लांब समांतर पट्टे दिसले. पाण्यानं असे ओरखडे पडत नाहीत. हिमनदी दगड-गोटे पोटाशी धरून सरकते तेव्हा पडतात. चंद्रपूर! मे महिन्यात जगातल्या सर्वात उष्ण शहरांच्या यादीत झळकणारं चंद्रपूर बर्फाखाली होतं. कारण काय? तेव्हा आपला भूभाग इथं नव्हताच. अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेला चिकटून दूर दक्षिणेला होता. त्या महाखंडाचं नाव जगभर गोंडवाना, आणि ते नाव आलं ते आपल्या गोंडांच्या मुलुखावरून. जमिनी सरकतात, वर्षाला बोटभर, आणि त्यांच्यासोबत हवामानही सरकतं.

बर्फ हटला, दलदलीची जंगलं आली, पडलेली झाडं चिखलात दाबली गेली. हवेतला कार्बन त्यांनी पोटात घेतला आणि जमिनीखाली नेऊन ठेवला. त्याचाच झाला कोळसा. घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात या पट्ट्याचं नाव 'वर्धा खोरे कोळसाक्षेत्र' असंच आहे.

त्यामानानं अलीकडचं बघायचं तर हिमयुगं. गेली काही लाख वर्षं पृथ्वीची कक्षा, आसाचा कल आणि त्याचं डोलणं यांत ठरावीक फरक पडतात, सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि एक लाख वर्षांच्या फेऱ्यांनी. सर्बियाच्या मिलानकोविच यांनी हे गणित मांडलं. त्यावर बर्फ वाढतो-घटतो आणि आपला मान्सूनही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले आहेत. म्हणजे महाराष्ट्रात शहामृग होते, उघडी कोरडी माळरानं होती. लोणारच्या तळातल्या गाळात साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या कोरड्या काळाची खूण आहे. १८९९ चा मान्सून गेला आणि पुढच्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला, तेही माणसानं हवेत सोडलेल्या धुरामुळं नव्हे.

तर टपरीवरचे भाऊ बरोबर होते. बदलत आलंय. पण हे सगळं वाचताना मला एक दिसलं. प्रत्येक वेळी कारण होतं, आणि प्रत्येक कारणानं मागं पुरावा ठेवला. ओरखडा, बुडबुडा, गाळ. 'असंच झालं' असं एकदाही नाही. मग आजच्या तापण्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा. पुरावा कोणाकडं बोट दाखवतो?

कक्षेचं गणित पाहिलं तर गेली काही हजार वर्षं कल हळूहळू थंडीकडं होता. सूर्य १९७० च्या दशकाच्या अखेरपासून उपग्रहांनी सतत मोजलाय, त्याचं तेज वाढलेलं नाही. शिवाय सूर्य तापवत असता तर वातावरण वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. ज्वालामुखी? जगातले सगळे मिळून वर्षाला एक अब्ज टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. माणूस कोळसा, तेल, गॅस जाळून ३५ अब्ज टनांहून जास्त सोडतो. आणि हवेत वाढलेल्या कार्बनवर शिक्का आहे. जुन्या, गाडल्या गेलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतलं त्याचं प्रमाण तसंच पातळ होताना मोजलं गेलंय.

वेगाचं तर बोलायलाच नको. शेवटचं हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ८० च्या आसपास वाढला, त्याला काही हजार वर्षं लागली. आता २८० वरून ४२० च्या वर गेलाय, दोनशे वर्षंही पुरी झाली नाहीत. काळ्या दगडाला तो परत गिळायला लागणारा वेळ वर सांगितलाच.

परवा हे सगळं सरांना फोनवर ऐकवलं. त्यांनी दोन चुका काढल्या, दुरुस्त केल्या आहेत. मग म्हणाले, "थे टपरीवाल्या भाऊले सांग, निसर्गानं कोळसा खाली ठेवला होता. वर कोनं काढला, एवढंच इचार त्याले."

टपरीवर अजून जाणं झालं नाही. काल रात्री मात्र हिंगणघाटहून येताना रेल्वे फाटकावर अडकलो. बल्लारशाकडून मालगाडी येत होती. डबे मोजायची जुनी सवय, अठ्ठावन्न भरले. सगळे कोळशाचे. मागं उभ्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "याच्यामागं अजून एक हाय जी, थांबा."